बडोद्याच्या हवेत रेझिन आणि अ‍ॅक्रिलिक पोअरिंग: पहिली तबकडी करताना

सैल केलेला अ‍ॅक्रिलिक रंग पाटीवर ओतून नक्षी करायची आणि ती वाळल्यावर वर पारदर्शक, कडक होणाऱ्या रेझिनचा थर द्यायचा, असं हे काम. त्याचे व्हिडिओ बघितले की वाटतं, सगळी करामत रंग ओतण्यात आहे. ओतायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. बाकीचा वेळ पाटी तयार करणं, मोजणं, सपाटी तपासणं आणि वाट बघणं यात जातो, आणि काम बिघडतं ते याच भागात. त्यात बडोद्याची हवा. बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत कुणी केलेलं काम आपण मे महिन्याच्या दुपारी दांडिया बाजारातल्या वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली करायला बसलो, तर तेच रेझिन भलतंच वागतं. म्हणून आधी कॅलेंडर बघू, मग बाटल्या उघडू.

कधी करायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. हवा कोरडी, तापमान माफक. जानेवारीच्या पहाटे रेझिन जाड होतं आणि बुडबुडे धरून ठेवतं, पण त्यावर उपाय सोपा आहे, पुढे सांगते.

जुलै-ऑगस्ट टाळा. एपॉक्सी रेझिनच्या हार्डनरमध्ये, म्हणजे रेझिन कडक करणाऱ्या दुसऱ्या बाटलीतल्या द्रवात, अमाइन नावाची रसायनं असतात. हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी त्यांची गाठ पडली की पृष्ठभागावर चिकट, धुरकट, मेणचट थर येतो. तो थर रेझिन कडक झाल्यावर साबण आणि कोमट पाण्याने धुता येतो, पण गेलेली चकाकी पूर्ण परत येईलच असं नाही. पावसाळ्यातच करायचं असेल तर बंद खोलीत एसी ‘ड्राय’वर तासभर आधी लावा आणि ओतल्यावरही रात्रभर चालू ठेवा. आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ऑनलाइन सहज मिळतं. आकडा साठच्या खाली असेल तर निर्धास्त, पंच्याहत्तरच्या वर असेल तर बाटली उघडूच नका. गौरी-गणपतीच्या सजावटीसाठी श्रावणात रेझिन आणायला निघालेल्यांना माझं एकच सांगणं: ते काम जूनच्या आधी उरका, नाहीतर यंदा कागदाची मखर करा. छान दिसते.

उन्हाळ्याची अडचण वेगळी. तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन हाताळायला मिळणारा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. बाटलीवर ‘२५ अंशांना ४० मिनिटं’ लिहिलं असेल तर आपल्या ३८ अंशांच्या खोलीत वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. मे महिन्यात करायचंच तर पहाटे करा.

काय आणायचं, काय नाही

पहिल्या कामासाठी मी नेहमी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) ३० सेंटिमीटर व्यासाची, निदान ६ मिलिमीटर जाडीची गोल तबकडी सुचवते. पुढे त्यात घड्याळाचं यंत्र बसवता येतं किंवा ती नुसती भिंतीवर लावता येते. कॅनव्हास नवशिक्यांना स्वस्त आणि सोपा वाटतो, पण रंगाच्या आणि रेझिनच्या वजनाने तो मध्ये झोळ धरतो आणि सगळं मधोमध जमा होतं.

बाकी सामान: अ‍ॅक्रिलिक रंग, पोअरिंग मीडियम (रंग सैल आणि वाहता करणारं द्रव्य), जेसो किंवा पांढरा प्रायमर, कागदी आणि प्लॅस्टिकचे पेले, आइसक्रीमच्या चपट्या काड्या, मापाच्या खुणा असलेले पेले, मास्किंग टेप, सुताराकडे असते ती लेव्हलची पट्टी, जाड प्लॅस्टिकचा कागद आणि तबकडी झाकेल एवढं स्वच्छ खोकं. हातमोजे नायट्राइलचे घ्या.

रेझिन घेताना मात्र दुकानदाराशी दोन मिनिटं बोला. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूला किंवा हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘रेझिन’ मागितलंत तर फायबरच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन हातात पडू शकतं. त्याला उग्र वास असतो आणि त्यात हार्डनरचे मोजके थेंब पडतात. आपल्याला हवं ते एपॉक्सी, दोन बाटल्यांचं, स्वच्छ पारदर्शक, शक्यतो ‘आर्ट रेझिन’ म्हणून विकलं जाणारं आणि पिवळं पडू नये म्हणून यूव्ही संरक्षक घातलेलं. एपॉक्सीचा कारखाना तसा आपल्यापासून दूर नाही, वलसाडजवळच्या अतुलमध्ये ते बनतं. पण औद्योगिक ड्रममधलं सुटं रेझिन सजावटीला घेऊ नका, कारण त्याचा रंग, गुणोत्तर आणि वेळ आपल्या कामासाठी ठरवलेली नसते. दुकानदार ‘चालसे, बेन, वांधो नहीं’ म्हणेल. लेबल वाचल्याशिवाय चालवून घेऊ नका. कोणता ब्रँड सध्या बरा येतोय हे फाइन आर्ट्सच्या मुलांना विचारावं. विद्यापीठाची ही फॅकल्टी १९५० पासून इथे आहे आणि साहित्य कुठे चांगलं मिळतं याची तिथल्या मुलांइतकी पक्की माहिती गावात दुसऱ्या कुणाला नसते.

आधी काळजी, मग कला

एपॉक्सी, विशेषतः त्याचा हार्डनर, त्वचेला लागत राहिला तर अ‍ॅलर्जी जडू शकते. ती एकदा जडली की सहसा जन्माची. मग थेंबभर रेझिननेही हातावर पुरळ उठतं आणि छंद सोडावा लागतो. म्हणून हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि डोळ्यांना चष्मा. वास येत नाही म्हणजे वाफ नाही असं समजू नका. खिडकी थोडी उघडी ठेवा. वारंवार करणार असाल तर सेंद्रिय वाफा अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क घ्या, कोविडच्या दिवसांतला कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही. कातडीला लागलंच तर साबण-पाण्याने धुवा. थिनर किंवा स्पिरिट चोळलं तर रेझिन पातळ होऊन त्वचेत अधिक शिरतं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी कच्च्या रेझिनजवळ जाऊ नये. अ‍ॅक्रिलिकचा भाग मुलं मजेत करू शकतात.

पहिला टप्पा: पाटी आणि रंग

एमडीएफला पाण्याचं वावडं आहे. कड भिजली की फुगते आणि पुन्हा बसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना आणि कडेला प्रायमरचे दोन हात द्या, मधे हलकं पॉलिश पेपर मारा. मागच्या बाजूला कडेलगत मास्किंग टेप चिकटवा. रंग आणि रेझिनचे ओघळ तिथे जमतात, टेप ओढली की निघून जातात. तबकडी चार पालथ्या पेल्यांवर ठेवा आणि लेव्हलची पट्टी आडवी-उभी दोन्ही दिशांनी लावून बघा. जुन्या वाड्यांच्या फरशा डोळ्याला सपाट दिसतात, नसतात. पेल्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून बुडबुडा मधोमध आणा.

आता रंग. ३० सेंटिमीटरच्या तबकडीला साधारण १५० मिलिलिटर तयार मिश्रण पुरतं. एक भाग रंगाला एक ते दोन भाग पोअरिंग मीडियम घ्या. परदेशी व्हिडिओत सगळे जे फ्लोट्रॉल घालतात, ते तिकडच्या घराच्या रंगात मिसळायचं द्रव्य आहे, त्याच्या मागे धावायची गरज नाही. सरावापुरतं दोन भाग पांढरा फेव्हिकॉल आणि एक भाग पाणी हे मीडियम चालतं. देखणं काम मात्र तयार मीडियमवर करा. मिश्रण एकतारी पाकाइतकं सैल हवं: काडीवरून अखंड धार पडावी आणि पेल्यात पडलेली तिची रेघ एक-दोन सेकंदांत मिटावी. पाणी थेंबाथेंबाने घाला. रंगाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पाणी पडलं तर रंगाला धरून ठेवणारं द्रव्य विरळ होतं आणि वाळल्यावर भेगा पडतात. सगळ्या पेल्यांतला रंग सारखाच सैल हवा. नवशिक्यांचा चिखल होतो तो बहुधा एक रंग घट्ट आणि दुसरा पाणीदार राहिल्यामुळे. दुसरं कारण हावरेपणा. तीन रंग आणि पांढरा, बस. लाल-हिरवा किंवा जांभळा-पिवळा शेजारी आले की मधे मातकट पट्टा येणारच.

मिश्रण हळू ढवळा आणि अर्धा तास झाकून ठेवा, बुडबुडे वर येऊन फुटतात.

ओतण्याच्या पद्धती पुष्कळ आहेत. पहिल्यांदा ‘फ्लिप कप’ करा. एका पेल्यात रंग थरांनी ओता, तबकडीवर आधी पांढऱ्याचा पातळ हात द्या, पेला तबकडीवर पालथा घाला, मिनिटभर थांबा आणि उचला. मग तबकडी दोन्ही हातांनी सावकाश कलती करत रंग चारी कडांपर्यंत न्या. एका कडेला गेला की मधे परत आणा, मग दुसरीकडे. घाईने एकाच बाजूला कलवलं तर नक्षी ताणून फाटते आणि अर्धी खालच्या प्लॅस्टिकवर जाते.

रंगात गोल-गोल पेशींसारखे आकार का उमटतात, हे कळलं तर ते हवे तिथे आणता येतात. रंगांची घनता वेगळी असते. टायटॅनियम व्हाइट जड, बरेचसे सेंद्रिय रंग हलके. जड रंग हलक्यावर पडला की तो खाली बसू लागतो, हलका त्याला भेदून वर येतो, आणि जाळी तयार होते. भौतिकशास्त्रात याला रॅले-टेलर अस्थिरता म्हणतात. मेक्सिकोचे भित्तिचित्रकार डाव्हिड आल्फारो सिकेरोस यांनी १९३० च्या दशकात रंगावर रंग ओतून याचा मुद्दाम वापर केला. १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांनी चालवलेल्या कार्यशाळेत तरुण जॅक्सन पोलॉकही होता. तेव्हा पोअरिंगला इन्स्टाग्रामचं खूळ म्हणणाऱ्या मामंजींना हे ऐकवता येईल.

पेशी मोठ्या हव्या म्हणून सिलिकॉन तेलाचे एक-दोन थेंब रंगात घालतात. वर रेझिन घालायचं असेल तर पहिल्या कामात ते टाळा. तेलाचा अंश राहिला तर रेझिन तिथून मागे सरतं आणि खड्डे पडतात. घातलंच असेल तर पूर्ण वाळल्यावर भांडी घासायच्या द्रवाने हलक्या हाताने धुवा, कोरडं करा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

तबकडी खोक्याने झाका आणि सोडून द्या. पंखा नको, वरची साय आधी वाळून तडकते. दोन-तीन दिवसांत हाताला कोरडी लागेल, तरी रेझिनसाठी दोन ते तीन आठवडे थांबा. आत अडकलेलं पाणी रेझिनखाली धुरकट दिसतं आणि तिथून ते बाहेर काढता येत नाही.

दुसरा टप्पा: रेझिनचा थर

इथे गणित करावं लागतं, आणि ते सोपं आहे. तबकडीची त्रिज्या १५ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. रेझिन आपोआप पसरून साधारण ३ मिलिमीटरचा थर धरतं. ७०७ गुणिले ०.३ म्हणजे २१२ मिलिलिटर. थोडं कडेवरून जाणार, पेल्याला चिकटणार, म्हणून २२५ धरा. गुणोत्तर दोनास एक असेल तर रेझिन १५० आणि हार्डनर ७५.

गुणोत्तर आकारमानाचं आहे की वजनाचं, हे लेबलवर बघा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. आकारमानाचं दोनास एक तुम्ही काट्यावर तोललंत तर हार्डनर जास्त पडतो आणि तबकडी चिकट राहते. लवकर कडक व्हावं म्हणून हार्डनर वाढवणं हाही तसाच घोटाळा. एपॉक्सीत रेझिनच्या आणि हार्डनरच्या रेणूंची जोडी जुळावी लागते, उरलेला हार्डनर नुसता ओला राहतो.

हिवाळ्यात रेझिनची बाटली झाकण घट्ट लावून दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा, मग बाहेरून पूर्ण पुसा. रेझिन पातळ होतं, बुडबुडे कमी होतात. पाण्याचा एक थेंब आत गेला तरी ते ढगाळ होतं, तेवढं सांभाळा.

मग क्रमाने असं:

१. दोन्ही भाग मोजून एका सरळ बाजूंच्या पेल्यात घ्या. तीन ते चार मिनिटं घड्याळ लावून सावकाश ढवळा. तळ आणि कडा खरवडत राहा, न मिसळलेलं रेझिन तिथेच लपतं. फेटू नका.

२. सगळं दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओता आणि आणखी मिनिटभर ढवळा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि ‘एवढाच ठिपका चिकट कसा राहिला?’ हा प्रश्न त्यांचाच असतो.

३. लगेच तबकडीच्या मध्यावर ओता. पेल्यात भरपूर रेझिन तसंच ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. मिसळताना उष्णता सुटते, आणि एका जागी साठलेलं रेझिन स्वतःच्या उष्णतेने तापून धूर सोडू शकतं, पेलाही वितळू शकतो. म्हणूनच आर्ट रेझिन एका वेळी बोटभर जाड ओतायचं नसतं. पेल्याच्या तळाचं शेवटचं रेझिन खरवडून कामावर घेऊ नका.

४. चपट्या काडीने कडेपर्यंत न्या, कडेवर हातमोज्याच्या बोटाने फिरवा.

५. बुडबुड्यांसाठी छोट्या ब्यूटेन टॉर्चची ज्योत चार बोटं वरून, न थांबवता फिरवा. एका जागी थांबलात तर रेझिन पिवळं पडतं. हीटगन चालते, पण ती रेझिन ढकलते आणि खोलीतली धूळ उडवून वर बसवते. अल्कोहोलची बाटली आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. हे मी विनोदाने सांगत नाही.

६. अर्ध्या तासाने आणि तासाने तबकडीच्या खालच्या कडेचे थेंब काडीने निपटा. नंतर ते काचेसारखे कडक होतात आणि घासायला लागतात.

७. खोकं झाका. आत आधी ओल्या फडक्याने पुसून वाळवलेलं असावं. मांजर असेल तर दाराला कडी.

चोवीस तासांत हात लावता येतो, बहात्तर तासांत भिंतीवर लावता येते, पूर्ण ताकद यायला सुमारे सात दिवस जातात. थंडीत जास्त.

संक्रांतीचं वाण

तबकडी जमली की कोस्टर करण्याचा मोह होतोच, आणि हळदीकुंकवाच्या वाणासाठी ती कल्पना चांगली आहे. १० सेंटिमीटरच्या गोल सिलिकॉन साच्यात ६ मिलिमीटर जाडीला ४७ मिलिलिटर लागतं, सहा नगांना ३०० धरा. वेळेचा हिशोब उलटा करा: संक्रांत १४ जानेवारीच्या सुमारास, हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत. डिसेंबर संपायच्या आत ओतून झालं पाहिजे. उत्तरायणाच्या दोन दिवसांत तर घरातलं कुणी गच्चीवरून खाली येत नाही, मदत मिळेल ही आशाच सोडा.

साच्यातल्या रेझिनला रंग द्यायला रेझिनचा रंगलेप किंवा कोरडी मायका पावडर वापरा. अ‍ॅक्रिलिक रंगात पाणी असतं, जास्त पडला तर रेझिन दाणेदार होतं किंवा मऊच राहतं. कोणताही रंग एकूण वजनाच्या शेकडा पाचच्या आत ठेवा. हळद घालू का, असं बायका हमखास विचारतात. सुरुवातीला सुरेख दिसते, उजेडात काही महिन्यांत उडते. शेवंती-झेंडूच्या पाकळ्या घालायच्या तर सिलिका जेलमध्ये कडक वाळवून. ओलसर पाकळी आत तपकिरी होते आणि भोवती बुडबुडे सोडते.

साच्यातून चोवीस तासांच्या आत काढलं तर कोस्टर वाकतो. वाकलाच तर कोमट करून सपाट फरशीवर वजनाखाली ठेवा.

देताना दोन गोष्टी सांगून द्या. बऱ्याच आर्ट रेझिनचा पृष्ठभाग पन्नास-साठ अंशांपुढे मऊ पडतो. उकळत्या चहाचा स्टीलचा पेला ठेवला तर गोल ठसा उमटतो. सरबताला कोस्टर ठीक, चहाला त्यावर लोकरी किंवा कापडी तुकडा. आणि रेझिनच्या ताटात सुटं खाणं वाढू नका. बाटलीवर अन्नासाठी सुरक्षित असल्याचं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर तिळगूळ कागदात बांधूनच ठेवायचा. रेझिनच्या दिवा-स्टँडवर पेटती पणती ठेवणं तर साफ चूक, दुकानात कितीही देखणे मिळोत.

बिघडलं तर

चिकट ठिपके राहिले तर ते पूर्ण खरवडून काढा, अल्कोहोलने पुसा आणि नवा थर द्या. नुसत्या थराखाली झाकलं तर चिकटपणा तसाच राहतो. खड्डे किंवा धूळ असेल तर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून संपूर्ण पृष्ठभाग घासा. तो दुधट होईल, घाबरू नका, दुसऱ्या थराने परत नितळ दिसतो. कोरडं घासणार असाल तर धुळीचा मास्क लावा. पश्चिमेच्या खिडकीसमोर तबकडी लावू नका, यूव्ही संरक्षक असलं तरी आपलं ऊन पांढऱ्या रंगाला पिवळटच करणार.

उरलेलं द्रव रेझिन किंवा रंगाचं पाणी मोरीत ओतू नका. रेझिन पेल्यातच कडक होऊ द्या आणि सुक्या कचऱ्यात टाका. रंगाचे पेले वाळवून साल सोलून काढा. सिलिकॉनचे पेले असतील तर रेझिनही दुसऱ्या दिवशी सोलून निघतं आणि पेला पुन्हा वापरता येतो.

बाटल्या घट्ट बंद करून सावलीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. हार्डनर महिन्यांनी पिवळसर होतो, तेव्हा तो गडद रंगांच्या कामाला वापरा. थंडीत रेझिनच्या बाटलीत साखरेसारखे पांढरे कण दिसले तर फेकून देऊ नका. बाटली पन्नास अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवून अधूनमधून हलवा. कण विरघळून रेझिन पूर्ण नितळ झालं आणि खोलीच्या तापमानाला आलं की मगच हार्डनर मोजायला घ्या.